स्पिरुलिनाचे पहिले तळे: खड्ड्यापासून पहिल्या काढणीपर्यंत

शेवाळ वाढवायला खरे तर काही करावे लागत नाही. बादलीभर पाणी आठवडाभर उन्हात राहिले की हिरवे होतेच. अडचण येते ती हवे तेच शेवाळ, खाता येईल इतके स्वच्छ, महिनोन्‌महिने टिकवण्यात. स्पिरुलिनाच्या बाबतीत ही अडचण बरीचशी पाणीच सोडवते. सोड्याच्या खारट पाण्यात इतर बहुतेक शेवाळे आणि रोगजंतू तग धरत नाहीत, आणि स्पिरुलिना तिथेच जोमाने वाढते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास राहत आला आहे. अशा पाण्यात मासे सहसा जगत नाहीत, पण स्पिरुलिना आपसूक वाढते. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या कानेम्बू स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या ती गाळून, वाळूवर वाळवून तिच्या वड्या करत आल्या आहेत. आपल्याला ताडपत्रीच्या टाक्यात तसलेच पाणी तयार करायचे आहे. पुढे जे सांगितले आहे त्यातले निम्मे काम हे पाणी बिघडू न देण्याचेच आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करू. अझोला म्हणजे शेवाळ नाही, ती पाण्यावर तरंगणारी नेचेवर्गीय वनस्पती आहे. तिचे शेण-सुपर फॉस्फेटचे तंत्र इथे मुळीच चालत नाही. आणि शास्त्राच्या काटेकोर भाषेत स्पिरुलिना हीसुद्धा शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारा जीवाणू आहे. व्यवहारात सगळे तिला शेवाळच म्हणतात, आपणही म्हणू.

जागा आणि टाके

नवशिक्याने १८ चौरस मीटरच्या, म्हणजे ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशा एका टाक्यापासून सुरुवात करावी. त्याहून लहान टाक्यात तापमान फार वरखाली होते. त्याहून मोठे टाके बिघडले तर तीस-चाळीस किलो सोडा एका फटक्यात वाया जातो. पाणी २० सेंटीमीटर खोल ठेवायचे. असे टाके ३,६०० लिटरचे होते आणि खालची सगळी मापे त्यावरच दिली आहेत.

जागेवर दिवसातून किमान सहा-सात तास ऊन हवे. वर झाड नको, कारण पाला पडतो आणि पक्ष्यांची विष्ठाही पडते. गोठा, उकिरडा, फवारणी होणारी द्राक्षबाग किंवा कपाशी जवळ नको. फवाऱ्यातले तणनाशक वाऱ्यावर उडत आले तर तळे दोन दिवसांत पिवळे पडू शकते.

काळ्या मातीवर टाके थेट बांधू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तळ वाकडातिकडा होऊन मधल्या खोलगट भागात गाळ साचतो. वरची माती काढा, चार बोटे मुरूम टाकून चोपा, त्यावर चाळलेल्या वाळूचा थर द्या. एका कोपऱ्याकडे दोन सेंटीमीटरचा उतार ठेवा, म्हणजे पुढे गाळ काढताना तो तिथे गोळा होतो. कडेला विटांचे किंवा सिमेंट ब्लॉकचे ३५ ते ४० सेंटीमीटर उंचीचे कठडे करा. वर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा. कागद नवा हवा. खताच्या किंवा औषधाच्या गोदामातली जुनी ताडपत्री धुतली तरी वापरू नये. कोपऱ्यात कागदाची घडी घालताना हवेचे कप्पे राहू देऊ नका. तिथे पाणी फिरत नाही आणि पहिली कुजण तिथेच सुरू होते.

टाक्यावर छप्पर लागतेच. बांबूच्या किंवा पाइपच्या कमानींवर पारदर्शक पॉलिहाउसचा कागद टाका. दोन्ही बाजू उघडता येतील अशा ठेवा आणि उघड्या भागाला मच्छरदाणीचे कापड लावा. शिवाय ५० टक्के सावली देणारी शेडनेट हाताशी ठेवा. ती रोज लागत नाही, पण लागते तेव्हा बाजारात जायला वेळ नसतो.

पाणी आणि त्यात काय किती

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालते. आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशात ते बहुधा जड असते. त्यात सोडा पडला की चुना बाहेर पडतो आणि पाणी दुधी दिसते. घाबरू नका, एक-दोन दिवसांत ते खाली बसते. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते टाक्यात भरून दोन दिवस उन्हात उघडे ठेवा. शेतातून वाहून येणारे, ओढ्याचे किंवा शेततळ्याचे पाणी घेऊ नका.

३,६०० लिटर पाण्यासाठी:

खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट): २९ किलो
आयोडीन नसलेले खडे मीठ: १८ किलो
पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५): ७ किलो २०० ग्रॅम
पोटॅशियम सल्फेट (००:००:५०): ३ किलो ६०० ग्रॅम
मोनोअमोनियम फॉस्फेट (१२:६१:००): ३६० ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट: ७२० ग्रॅम
फेरस सल्फेट: ३६ ग्रॅम, सोबत तितकेच लिंबूसत्व

यातले बहुतेक सगळे कृषी सेवा केंद्रात विद्राव्य खत म्हणून मिळते. तळ्यावर शिकायचे असेल तोवर ते चालेल. तोंडात घालायचे पीक काढायचे असेल तेव्हा मात्र निदान फॉस्फेट तरी अन्नप्रक्रियेच्या किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्या. खडकापासून बनवलेल्या फॉस्फेट खतांत कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात आणि स्पिरुलिना ते पाण्यातून उचलून स्वतःत साठवते. सिंगल सुपर फॉस्फेट, शेणकाला, गोमूत्र, जीवामृत यांपैकी काहीही या टाक्यात पडता कामा नये. पिकाला ते चांगले असेल, पण इथे तुम्ही पीक नव्हे, पाण्यात भिजलेले अन्नच वाढवत आहात.

मिसळण्याचा क्रम पाळा. आधी मीठ आणि सोडा वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून ओता आणि ढवळा. मग नायट्रेट आणि पोटॅशियम सल्फेट. दुसऱ्या दिवशी, दुधी रंग बसल्यावर, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम वेगवेगळे विरघळवून टाका. लोह सगळ्यात शेवटी. लिटरभर पाण्यात आधी लिंबूसत्व, मग फेरस सल्फेट विरघळवा आणि टाके ढवळत ढवळत बारीक धारेने सोडा. लिंबूसत्वाशिवाय टाकलेले लोह सोड्याच्या पाण्यात क्षणात गंजासारखे होऊन तळाशी बसते, शेवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असतेच, ते वेगळे घालू नका. फक्त पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरणार असाल तर चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड लागते.

तयार पाण्याचा सामू सुमारे ८.३ येतो. आपल्याला हवा असतो ९.५ ते १०.३. ही वाढ स्पिरुलिना स्वतःच घडवून आणते. बायकार्बोनेटमधला कार्बन ती खाते तसा पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो. पण ८.३ ते ९ या टप्प्यात पाणी अजून सर्वांसाठीच खुले असते आणि हिरवी एकपेशीय शेवाळे घुसतात ती इथेच. म्हणून बियाणे दाट टाकायचे आणि हा टप्पा जितका लवकर ओलांडता येईल तितका ओलांडायचा.

बियाणे

जिवंत कल्चर, म्हणजे वाढत्या तंतूंसकटचे पाणी, आणावे लागते, वाळवलेल्या पावडरीपासून काही उगवत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत निळ्या-हिरव्या शेवाळांचा स्वतंत्र संग्रह आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने स्पिरुलिनावर दीर्घकाळ काम केले आहे. चालू स्थितीतल्या एखाद्या तळ्यावरूनही कल्चर मिळते, मात्र तिथे घेण्याआधी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहण्याचा आग्रह धरा. शंभरपट मोठे करून पाहिले की स्प्रिंगसारखे गोल वळण घेतलेले निळसर हिरवे तंतू दिसले पाहिजेत. अधूनमधून सरळ तंतू चालतील. बहुसंख्य सरळ असतील तर ते बियाणे घेऊ नका, सरळ तंतू कापडातून निसटतात आणि वळणदारांना मागे टाकत जातात. तंतूंच्या मध्ये हिरवे ठिपके दिसले तर ती दुसरीच शेवाळे आहेत. लोणारहून बाटली भरून आणण्याचा विचारही नको. ते अभयारण्य आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, शिवाय त्या पाण्यात स्पिरुलिनाबरोबर आणखी काय काय येईल ते सांगता येत नाही.

कल्चर आणताना कॅन अर्धाच भरा आणि झाकण सैल ठेवा. दाट कल्चर बंद अंधारात स्वतःच प्राणवायू संपवते आणि मरते. चोवीस तासांच्या आत ते उघड्या भांड्यात गेले पाहिजे.

२० लिटर कल्चर थेट ३,६०० लिटरमध्ये ओतणे ही नवशिक्यांच्या हातून होणारी सगळ्यात महागडी चूक. पातळ झालेले तंतू उन्हात अक्षरशः जळतात: एकमेकांची सावली उरत नाही, प्रकाश पेलवत नाही आणि दोन दिवसांत ते फिके पडतात. त्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी वाढवा. २० लिटरमध्ये तितकेच तयार पाणी घाला, ते गडद झाले की पुन्हा दुप्पट. मग प्लास्टिकच्या दोनशे लिटरच्या टबात, नंतर टाक्यातच एका कोपऱ्यात विटांचा तात्पुरता आडवा बांध घालून हजार लिटरपर्यंत, आणि शेवटी पूर्ण टाके. कोणत्याही पायरीला पाचपटीहून जास्त पातळ करू नका. प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस शेडनेट लावा. हवामान चांगले असेल तर तंतू दोन ते चार दिवसांत दुप्पट होतात, त्यामुळे पूर्ण टाके भरायला तीन ते पाच आठवडे धरा. हा काळ कुणालाच आवडत नाही, पण याला पर्याय नाही.

रोजचे काम

दाटपणा मोजायला पैसे घालवू नका. ३० सेंटीमीटरच्या प्लास्टिक पट्टीच्या शून्याच्या टोकाला पाण्याच्या बाटलीचे पांढरे झाकण आडवे चिकटवा, ही झाली आपली चकती. टाके ढवळून, झाकण सरळ पाण्यात बुडवत न्या आणि ते दिसेनासे होते तिथला आकडा वाचा. आकडा ५ सेंटीमीटरहून जास्त असेल तर कल्चर पातळ आहे, सावली द्या आणि काढणीचा विचार करू नका. ३ म्हणजे चांगले चालले आहे. २ म्हणजे काढणीची वेळ. दीडच्या खाली जाऊ दिले तर खालच्या तंतूंना प्रकाश मिळत नाही आणि वाढ थांबते. वाचन रोज एकाच वेळी, एकाच माणसाने घ्यावे. दोघांच्या डोळ्यांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

ढवळणे हे या शेतीतले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. स्पिरुलिनाच्या तंतूंत हवेचे सूक्ष्म कप्पे असतात, त्यामुळे ती वर तरंगते आणि उन्हात थर धरते. वरचा थर करपतो, खालच्याला अंधार. दिवसा निदान दर दोन तासांनी मऊ झाडूने टाके लांबीच्या दिशेने हलवा. माशांच्या टाकीत वापरतात तसा लहान पाण्यात बुडणारा पंप टाइमरवर दर तासाला पंधरा मिनिटे लावला तर काम हलके होते. शेतीचा मोनोब्लॉक पंप लावू नका. त्याचा पंखा तंतूंचे तुकडे करतो आणि ते कापडावर अडत नाहीत. रात्री ढवळायची गरज नाही.

तापमान हवेचे नाही, पाण्याचे मोजा, तेही सकाळी आणि दुपारी तीन वाजता. ३५ अंशांच्या आसपास वाढ सर्वांत चांगली. २० च्या खाली ती जवळजवळ थांबते, ३८ च्या वर तंतू मरू लागतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन्ही बाजू उघडून शेडनेट टाकावीच लागते. नाशिक-पुण्याकडच्या हिवाळ्यात वेगळाच धोका असतो. रात्री पाणी १५ अंशांवर येते आणि सकाळी आठला कडक ऊन पडते. थंड पाण्यात तंतूंना तो प्रकाश वापरता येत नाही, त्याच प्रकाशाने ते विरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांच्या वर जाईपर्यंत शेडनेट काढू नका. लोकांना हे उलटे वाटते, थंडीत ऊन द्यावेसे वाटते.

उन्हाळ्यात १८ चौरस मीटरमधून दिवसाला शंभर ते दीडशे लिटर पाणी सहज उडते. कागदावर कायम शाईने पातळीची खूण करा आणि रोज संध्याकाळी साधे पाणी घालून त्या खुणेपर्यंत आणा. उडते ते फक्त पाणी, क्षार टाक्यातच राहतात. त्यामुळे भर घालताना सोडा-मीठ मिसळू नका.

सामू रोज मोजा. कागदी पट्ट्या इतक्या वरच्या सामूला नीट वाचता येत नाहीत, साधा डिजिटल मीटर घ्या आणि महिन्यातून एकदा ७ आणि १० च्या द्रावणात तो तपासून घ्या.

काढणी

चकती २ वर आली की काढणी पहाटे करा, शक्यतो सात वाजायच्या आत संपवा. पहाटे तंतूंत प्रथिनांचे प्रमाण जास्त असते, पाणी थंड असते आणि वाळवायला पूर्ण दिवस हातात राहतो. आदल्या संध्याकाळनंतर ढवळायचे नाही, म्हणजे तंतू वर आलेले असतात.

टाक्याच्या एक तृतीयांशाहून जास्त, म्हणजे सुमारे १,२०० लिटरपेक्षा अधिक एका वेळी गाळू नका. वरच्या थरातले पाणी मगाने किंवा छोट्या पंपाने आधी मच्छरदाणीच्या कापडातून सोडा. तिथे किडे, पाने, गाठी अडतात, त्या फेकून द्या. त्याखाली ४० ते ५० मायक्रॉनचे नायलॉनचे कापड ताणून बसवा, स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात ते मिळते. खालून गळणारे पाणी परत टाक्यात जाते. ते पाणी पाहायची सवय लावा: फिकट पिवळसर असेल तर ठीक. निळसर छटा असेल तर तंतू फुटले आहेत आणि आतले निळे रंगद्रव्य पाण्यात उतरले आहे. त्या दिवशीचा माल खाण्यासाठी घेऊ नका आणि तळ्यात काय बिघडले ते शोधा.

कापडावर दाट हिरवी पेज उरते. सुती कापडात गुंडाळून ती दोन फळ्यांमध्ये ठेवा आणि वजन हळूहळू वाढवत पंधरा मिनिटे दाबा. एकदम मोठा दगड ठेवला तर पेज कापडातून बाहेर येते. दाबून झाल्यावर ती श्रीखंडाच्या चक्क्याइतकी घट्ट हवी, बोटाने तोडली तर तुटणारी, हाताला न चिकटणारी. सोड्याचे पाणी निघून जाते ते या दाबण्यानेच. ढिला राहिलेला माल खारट आणि साबणासारखा लागतो. अशा दाबलेल्या एक किलोतून वाळल्यावर साधारण २०० ग्रॅम मिळते.

१,२०० लिटर गाळल्यावर वाळलेली सुमारे अर्धा ते पाऊण किलो स्पिरुलिना पदरात पडते आणि चांगल्या हंगामात चार-पाच दिवसांनी पुन्हा काढणी येते. दिवसाच्या हिशेबाने दर चौरस मीटरला ५ ते ८ ग्रॅम. नवशिक्याने ५ च धरावेत. याहून तिप्पट-चौपट आकडे सांगणारी जाहिरात दिसली तर पुढे वाचू नका.

वाळवण

चकलीच्या सोऱ्यात शेवेची बारीक ताटली घाला आणि जाळीच्या ट्रेवर दोन मिलिमीटर जाडीच्या शेवया पाडा, एकीवर एक न येऊ देता. हा सोऱ्या फक्त याच कामासाठी, स्टीलचा ठेवा. थेट उन्हात रंग आणि पोषक द्रव्ये उडतात. सोलर ड्रायरमध्ये, किंवा वर काळे कापड टाकलेल्या आणि खालून हवा खेळेल अशा पेटीत वाळवा. आतली हवा ४५ ते ६० अंश हवी. त्याहून गरम झाली तर माल करपट लागतो. त्याहून थंड राहिली तर सुकायच्या आत आंबतो. सहा तासांत शेवई कडक् आवाज करून मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओली आहे. संध्याकाळपर्यंत वाळली नाही आणि कुबट वास आला तर टाकून द्या, दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवून ती सुधारत नाही. वाळलेला माल लगेच हवाबंद, प्रकाश न जाणाऱ्या पिशवीत भरा. ताजी दाबलेली स्पिरुलिना फ्रिजमध्ये दोन दिवसच ठेवावी, आणि उत्तम म्हणजे त्याच दिवशी संपवावी.

काढले तेवढे परत द्या

वाळलेल्या स्पिरुलिनाचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन प्रथिनांचे असते, म्हणजे प्रत्येक किलोबरोबर सुमारे १०० ग्रॅम नत्र तळ्यातून बाहेर जाते. ते भरून काढले नाही तर तिसऱ्या-चौथ्या काढणीला रंग उतरतो. वाळलेल्या प्रत्येक किलोमागे पोटॅशियम नायट्रेट एक ते सव्वा किलो, मोनोअमोनियम फॉस्फेट ५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम आणि लिंबूसत्वात विरघळवलेले फेरस सल्फेट ५ ग्रॅम घाला. पोटॅशियम सल्फेट पुन्हा लागत नाही, नायट्रेटमधून पालाश गरजेपेक्षा जास्तच येतो.

युरिया स्वस्त पडतो, म्हणून अनेकजण लगेच त्याकडे वळतात. पण या पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि सामू १० च्या वर असेल तर थोडासा अमोनियाही तंतू मारतो. पहिले वर्षभर युरियाला हात लावू नका.

सामू १०.५ च्या वर गेला की कार्बन संपत आला असे समजा. प्रत्येक हजार लिटरमागे एक किलो खाण्याचा सोडा विरघळवून घाला, सामू १० च्या जवळ येतो. दर वेळी असे केल्याने क्षार साठत जातात. त्यामुळे तीन-चार महिन्यांनी चौथा हिस्सा पाणी काढून नवे तयार पाणी घालावे लागते.

बिघडते ते असे

रंग गडद हिरव्यावरून पिवळट होतो तेव्हा आधी आठवा, शेवटचे खत कधी दिले. नत्र संपले असेल तर नायट्रेट दिल्यावर दोन-तीन दिवसांत रंग परततो. नाही परतला तर लोह कमी आहे. लोह देऊनही फरक नसेल तर ऊन जास्त आहे, सावली द्या.

तंतूंच्या गाठी होऊन चिकट बुळबुळीत पदार्थ सुटतो आणि काढणीला कापड पाच मिनिटांत तुंबते. याचे मूळ बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते: भरपूर ऊन पण नत्र अपुरे, किंवा ढवळणे बंद पडलेले. प्रकाशात बनलेल्या साखरेची प्रथिने करता आली नाहीत तर शेवाळ ती चिकट रूपात बाहेर टाकते. नायट्रेट द्या, दोन दिवस अर्धी सावली द्या, गाठी जाळीने काढून टाका.

पाण्यावर पांढरा दाट फेस, वास उग्र, गाळलेले पाणी निळे: तंतू मरत आहेत. तापमान, सामू आणि अमोनियाचा वास या क्रमाने तपासा. काही सापडो न सापडो, ताबडतोब शेडनेट लावा आणि टाक्यातला निरोगी वाटणारा भाग ५० लिटरच्या टबात बाजूला काढा. असा राखीव टब खरे तर नेहमीच चालू असावा. टाके गेले तरी बियाणे राहते.

तळाशी काळसर गाळ आणि त्यातून बुडबुडे येत असतील तर पहाटे ढवळण्याआधी उताराच्या कोपऱ्यातून तो नळीने ओढून घ्या. दोन आठवड्यांतून एकदा हे करत राहिलात तर पुढचा त्रास टळतो.

सूक्ष्मदर्शकात हिरवे गोल ठिपके वाढताना दिसले तर सामू घसरला आहे. दाट काढणी थांबवा आणि सामू १० च्या वर जाऊ द्या. ते ठिपके कापडातून निसटतात आणि गाळलेल्या पाण्यातून परत तळ्यात जातात, हे लक्षात घेऊन एक-दोन काढण्यांचे गाळलेले पाणी परत न टाकता बाहेर काढा. पांढऱ्या बारीक अळ्या दिसल्या तर मच्छरदाणी कुठेतरी फाटली आहे. अळ्या जाळीने काढा, कीटकनाशक कोणतेही नको.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये काढणीचा आग्रह सोडा. ऊन नसते, वाळवण होत नाही, आणि छपरातून एकदा पाणी आत आले तर क्षार पातळ होऊन सामू पडतो. चकती ३ वर ठेवून तळे फक्त जिवंत ठेवा.

जुने पाणी, तपासणी आणि विक्री

टाक्यातून काढलेले पाणी शेतात सोडू नका. त्यात सोडियम भरपूर असतो, काळ्या जमिनीत तो गेला की ती चोपण होते आणि मग तिथे पाणीही मुरत नाही. कागद घातलेल्या उथळ खड्ड्यात ते सुकवा.

घरी खायचे असले तरी पहिला नीट वाळलेला माल प्रयोगशाळेत द्या. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, कोलीफॉर्म जीवाणू आणि मायक्रोसिस्टिन या तपासण्या मागा. मायक्रोसिस्टिन हे दुसऱ्या जातीच्या निळ्या-हिरव्या शेवाळांचे यकृताला घातक विष आहे. स्पिरुलिना ते बनवत नाही, पण तळ्यात पाहुणे आले असतील तर ते सापडते. फिनाइलकिटोन्यूरिया, म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात विकार, असलेल्यांनी स्पिरुलिना खाऊ नये. आणि शाकाहारी ग्राहकांना ब-१२ साठी म्हणून ती विकू नका: तिच्यातला बराचसा ब-१२ माणसाच्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतो.

विकायचे असेल तर एफएसएसएआयचा परवाना आधी, माल नंतर. ‘कल्चर आमच्याकडून घ्या, अनामत भरा, सगळा माल आम्हीच उचलू’ अशा करारावर सही करण्याआधी त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या. माल नाकारण्याचे निकष कोणते, आणि तपासणी कोणाच्या प्रयोगशाळेत, कोणाच्या खर्चाने. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याला अनामत देऊ नये. १८ चौरस मीटरचा पहिल्या हंगामाचा माल ओळखीतल्या पंधरा-वीस घरांतही खपतो, आणि चव खारट आहे की शेवई ओली आहे हे तीच माणसे तोंडावर सांगतात.